खंडेनवमीची तबकडी

दुपारी सिनेमा लावायचा ठरला की पहिलं काम माझ्याकडं असायचं. अंगणात दोन घागरी पाणी शिंपायचं, उंबऱ्याबाहेरची माती बसवायची, मग खोलीत ओलं फडकं फिरवायचं. नानाला धुळीची भीती. लोहाऱ्यात धूळ नाही अशी जागा कुठून आणायची? चावडीसमोरून जीप गेली तरी आमच्या ताटात माती यायची. पण नाना म्हणायचा, एक कण बसला तरी सिनेमाच्या मशीनची सुई मरती. फरशी पुसून झाली की खिडक्यांना वाकळा लावायच्या, कोंबड्या परसात हाकलायच्या आणि मी दाराशी विजेच्या दिव्याखाली बसायचं. दिवा मंद झाला की ओरडायचं, "नाना, लाइट कमी झाली!" मग नाना मशीन बंद करायचा. संध्याकाळी अख्खं गाव दिवे लावायचं, तेव्हा लाइटीत जोर नसायचा. म्हणून आमच्याकडं सिनेमा दुपारचाच.

नाना म्हणजे माझा चुलता, दादांचा धाकटा भाऊ. दादा म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत शिपाई. नानाला लिहिताना मी अरे-तुरे करते आहे, तोंडावर कधी केलं नाही. तो मस्कतला एका इंग्रज साहेबाची गाडी चालवायचा. साहेबाच्या घरी संध्याकाळी सिनेमा लागायचा आणि नानाला मागं सतरंजीवर बसायची परवानगी होती. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा रंगीत टीव्ही, ती मशीन आणि बावीस तबकड्या नानाला देऊन गेला. नानानं त्या परदेशातून लोहाऱ्यापर्यंत मांडीवर आणल्या. सोलापूरहून एसटीत बसायला जागा मिळाली तरी तो उभा राहिला आणि सीटवर खोकं ठेवलं, असं दादा सांगायचे.

मशीन पत्र्याच्या ट्रंकेएवढी होती. तबकडी आमच्या भाकरीच्या तव्याहून मोठी, पण ती कुणाला दिसायची नाही. ती एका चपट्या, टणक कव्हरात बंद असायची. कव्हर मशीनच्या तोंडात सारायचं आणि रिकामं बाहेर ओढायचं. तबकडी आत राहायची. आत एक बारीक सुई तिच्यावर फिरायची, ग्रामोफोनवर फिरते तशी, आणि टीव्हीवर चित्र यायचं. तासाभरानं पुन्हा कव्हर सारून तबकडी उलटी करायची. हे सगळं नानाच करायचा. हात धुऊन, पुसून, श्वास रोखून. घरात देवपूजा दादा करायचे, पण ते सुद्धा इतक्या निगुतीनं करत नव्हते.

नाना एक पैसा घ्यायचा नाही. कुणी म्हटलं की तिकीट लाव, तर चिडायचा. "ही काय जत्रंतली शिनेमाची टाकी हाय व्हय? घरी या, बसा, बघा." बाया यायच्या, मास्तर यायचे, शेजारचा शिंपी यायचा. सिनेमे सगळे इंग्रजी. नाना टीव्हीशेजारी उभा राहून मराठीत सांगायचा. त्याला अर्धंच कळायचं, उरलेलं तो पदरचं घालायचा. पण खरी गंमत काकीची. काकी म्हणजे नानाची बायको, नाव कमल, माहेर येडशीच्या खाली. उंच, काळीसावळी, तोंडाची फटकळ. पडद्यावर गोरी बाई रडायला लागली की नाना सांगायचा, "तिचा नवरा लढाईला गेलाय."

काकी मागून म्हणायची, "गेलाय तर जाऊ द्या की. घरात एवढं लोणी-पाव दिसायलंय, हिला रडायला काय झालं?"

बाया हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या.

"ए, गप बस. बोलणं ऐकू दे."

"आवो, ऐकून तरी कळायलंय का तुमाला? परवा ह्याच बाप्याला तुमी तिचा भाऊ केलं हुतं."

खरं सांगायचं तर निम्म्या बाया काकीचं ऐकायला यायच्या. सिनेमा संपला की ती सगळ्यांना हुलग्याचं माडगं द्यायची, आणि घरी जाताना बाया तिचीच वाक्यं म्हणत जायच्या. नानाला ते आवडायचं नाही. त्याला वाटायचं, लोकांनी चित्र बघावं. "पाणी बघा, पाणी," तो म्हणायचा. त्याच्याकडं एक तबकडी नुसती समुद्रातल्या माशांची होती. "तळातला खडा दिसायलाय का न्हाय? दावा मला असं कॅसेटवर."

कॅसेटचा राग त्याला कारणानं होता. स्टँडसमोर एकानं कॅसेटवर हिंदी सिनेमे दाखवायचं दुकान घातलं होतं, वर पत्रा, खाली बाकडी. तिथं पैसे पडायचे तरी गर्दी तिकडंच. पुरुष आमच्याकडं यायचे हळूहळू बंद झाले. नाना म्हणायचा, "कॅसेटचं चित्र म्हंजी ताकात वतलेलं पाणी. दोन वर्सं थांबा. कंपनी हिंदी तबकड्या काढती का न्हाय बघा. मग हेच लोक माझ्या दारात येतील." दादा म्हणाले, परत मस्कतला जा, वय आहे तोवर. तो गेला नाही. हिंदी तबकड्या निघाल्या आणि आपण इथं नसलो तर, अशी त्याला धास्ती होती.

मी तेव्हा चौथी होऊन घरी बसले होते. पुढची शाळा होती, पण दादांना मुलगी मोठ्या शाळेत घालायची नव्हती. बरोबर की चूक, आता बोलून उपयोग नाही. मी म्हैस बघायची, शेण काढायची आणि शाळेतल्या गुरुजींच्या घरी दूध घालायची.

त्या श्रावणात चित्र उड्या मारायला लागलं. घोडा पळतापळता एकदम कुंपणापलीकडं जायचा, बोलणारा माणूस तोच शब्द चारदा म्हणायचा. काकीला तेवढाच विषय झाला. नाना मात्र हसला नाही. त्यानं गुरुजींकडून साहेबाला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं: सुई झिजली आहे, नवी कुठं मिळेल, कळवावं. उत्तर पितृपंधरवड्यात आलं. नाना ते घेऊन गुरुजींकडं गेला तेव्हा मी दुधाची कासंडी घेऊन त्यांच्या ओट्यावरच होते. गुरुजींनी चष्मा लावला, दोनदा मनात वाचलं, मग सांगितलं.

"नाना, साहेब लिहितो की ती कंपनी आता ह्या मशिनी काढत नाही. तबकड्याही बंद होणार. कॅसेटपुढं टिकाव लागला नाही म्हणतो."

"आन सुई?"

"सुई पण नाही. त्याला कुठं मिळाली नाही. त्यानं तुला मशीन दिली तेव्हाच बाजारात कुणी घेत नव्हतं, असं लिहिलंय. टाकून दे आणि कॅसेटची मशीन घे, असा सल्ला आहे." गुरुजींनी कागद घडी करून त्याच्या हातात दिला. "माणूस भला दिसतो. उत्तर तरी दिलं."

नानानं कागद खिशात घातला. घरी येताना तो माझ्या मागं चालत होता. मारुतीच्या पाराजवळ त्यानं हाक मारली. "शेवंते, घरात बोलायचं न्हाय हे." त्यानं मला धमकावलं असतं तर मी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं असतं, माझा स्वभाव तसाच आहे. पण त्यानं दोन्ही हात अर्धवट जोडल्यासारखे केले. एवढ्या मोठ्या माणसानं माझ्यासारख्या शेणाच्या हाताच्या पोरीला. मला त्याची दया आली. मी मान हलवली.

नवरात्र बसलं. घटावर कडकण्या टांगल्या. नऊ दिवस आईचा आणि काकीचा उपास, आम्हा पोरांना मात्र उडदाचं घुटं आणि भाकरी. खंडेनवमीच्या दिवशी नाना सकाळच्या गाडीनं सोलापूरला गेला. घरात सांगितलं, मित्राकडं जातो. तो सुई हुडकायला गेला होता, हे मला कळलं होतं. इकडं आम्ही हत्यारं पुजायला काढली. विळे, खुरपी, कुऱ्हाड, दादांची सायकल, सगळं चिंचेनं आणि राखेनं घासून ओळीनं मांडलं. काकीनं मशीनही पुसून पाटावर ठेवली, तिला झेंडूची माळ घातली. शेजारी तबकड्यांची चळत. वरच्या कव्हरावर कुंकू लावायला तिनं बोट उचललं आणि थांबली.

काकीच्या माहेरी एक जुनी तलवार होती. खंडेनवमीला ती म्यानातून काढून पुजायची रीत. तिचा बाप म्हणायचा, म्यानावर लावलेलं कुंकू कातड्याला पोचतं, तलवारीला नाही. काकी तेच मला म्हणाली. "नुसत्या खोळीला कुंकू लावून काय करायचं? मशीनला कुनाची तरी नजर लागलीय. चित्र उड्या मारायलंय ते बघायलीस न्हवं? ह्यांचं अन्नावर मन न्हाय महिनाभर. आत पुजा पोचली पायजे. शेवंते, ही बाहेर काढता येतीय का गं?"

"येतीय," मी म्हणाले. मशीन कव्हरातून तबकडी कशी काढून घेते, हे मी शंभरदा बघितलं होतं. कव्हराच्या तोंडाला दोन्ही बाजूंना बारीक चाप असतात. मी नखानं दाबले आणि काठ ओढला. तबकडी बाहेर आली.

आम्ही दोघी बघत राहिलो. काळीभोर, चकचकीत, आणि तिच्यावर काहीच नाही. काकीनं ती वर-खाली करून पाहिली. "आगं बया, हिच्यात तर काय बी न्हाय. कुठंयती ती घोडी?" मग हसली. पाण्यात बोट बुडवून तिनं हळद लावली, कुंकू लावलं, पाच ठिकाणी, वर अक्षता. हात जोडून पुटपुटली, मला ऐकू आलं: "ह्यांचं समदं नीट चालू दे." अक्षता झटकून मी तबकडी परत आत सारली. चाप लागल्याचा आवाज आला. नाना रात्री रिकाम्या हातानं परतला आणि न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला माणसं यायला लागली आणि बऱ्याच दिवसांनी आमचं घर भरलं. कुणीतरी म्हणालं, "नाना, सणाचं लावा की कायतरी." नाना नको म्हणत होता. पण स्टँडवरचं कॅसेटचं दुकान सणामुळं बंद होतं आणि पुरुषमंडळीही आली होती. त्याला मोह झाला असणार. त्यानं वरचीच तबकडी घेतली, घोड्यांची.

चित्र आलं. दोन घोडे, हिरवं रान. मग आतून खरखर सुरू झाली, दगडावर तवा ओढावा तशी. घोडे थरथरले, पडदा काळा झाला आणि बारीक कटकन आवाज आला. नानानं तबकडी बाहेर घेतली, कव्हर उघडलं आणि तो लाल-पिवळ्या डागांकडं बघत राहिला.

"कुनी केलं?"

काकी पुढं झाली. ती लपली नाही, मला हे लिहायचंच आहे. "म्या पुजली. खंडेनवमी हुती की काल."

त्यानं सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. दादांनी त्याला धरलं. तो ओरडत होता, "हिनं माझी मशीन मारली! हिनं मारली!" आणि ओरडतानाच त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. फक्त एकदा. मला दोन गोष्टी माहीत होत्या. चाप मी काढला होता. आणि सुई झिजून शेवटाला आली होती, दुसरी जगात कुठं मिळणार नव्हती. मी दिव्याकडं बघत बसले. दिवा चांगला लागला होता, ओरडायचं काही कारण नव्हतं.

पुढचे दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज. काकीला लग्नाच्या चौथ्या वर्षीही मूल नव्हतं. इतके दिवस कुणी तोंडावर बोललं नव्हतं, आता सगळं एकत्र निघालं. माझी आई म्हणाली, "हिचा पायगुणच तसा." नाना एकच म्हणायचा, "हिला न्हेऊन घाला." शेवटी दादा काकीला म्हणाले, "थोडे दिवस माहेरी जा. ह्याचा राग निवळला की मी स्वतः न्यायला येतो."

"दादा, म्या काय मुद्दाम केलं का?"

"कुणी मुद्दाम म्हणतंय? जा म्हणतोय ना."

स्टँडपर्यंत तिचं गाठोडं मी घेतलं. गाडी यायला वेळ होता. गालावरची सूज उतरली होती पण डोळ्याखाली निळं होतं. ती मला म्हणाली, "शेवंते, तू तर रोज बसायचीस त्या मशीनपाशी. खरं सांग. कुंकवानं मशीन मरती व्हय गं?"

मी म्हणाले, "मला काय म्हाईत."

गाडी आली, ती बसली. मी बारा-तेरा वर्षांची होते. तेवढ्या वयाला सगळं कळतं. कळत नाही म्हणणारे खोटं बोलतात.

गुरुजींच्या कानावर सगळं गेलं होतं. एकदा दूध घेताना म्हणाले, "नानानं ते पत्र दाखवलं नाही वाटतं घरात." मी दूध मापून ओतलं. ते भांडं घेऊन आत गेले. दुसऱ्याच्या घरातलं भांडण, त्यांना काय पडलं होतं.

दादा काकीला आणायला गेले नाहीत. नानानं जाऊ दिलं नाही. तेव्हा मला वाटायचं राग आहे. आता वाटतं, ती परत आली असती तर कधीतरी पत्राचं निघालं असतं. बायकोनं मशीन मारली, हे तो कुणालाही सांगायचा, न विचारता सांगायचा, आणि सांगताना त्याचं तोंड उजळायचं. आपण ज्याच्यावर जीव लावला ते जगानं आधीच फेकून दिलं होतं, हे म्हणायला त्याची जीभ वळली नाही. चांगली वस्तू घरच्या अडाणी बाईनं घालवली, ही गोष्ट त्याला परवडली.

त्यानंतर तो सुया करायला बसला. ग्रामोफोनची सुई घातली, शिवणाची घातली, भिंगाखाली धरून कानस मारून घातली. बाभळीचा काटा सुद्धा घासून घातला. प्रत्येक वेळी एक तबकडी लावायचा, प्रत्येक वेळी तिच्यावर ओरखडे पडायचे. खरखरीशिवाय काही आलं नाही. बावीसच्या बावीस त्यानं अशा घालवल्या. पोरं दारावरून जाताना ओरडायची, "नाना, आज कुठला लावलाय?" आधी तो दगड मारायचा, नंतर मारेनासा झाला. डोळे गेले, तरी ओसरीवर बसून हातानं तबकडी पुसत असायचा. कुणी जवळ बसलं तर सिनेमा सांगायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणी फारसं बसायचं नाही.

स्टँडवरच्या कॅसेटवाल्याचा धंदाही पुढं बसला. मग चंदेरी छोट्या तबकड्या आल्या, त्याही गेल्या. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. गेल्या वर्षी मी नातवाला नानाच्या मशीनचं सांगितलं तर त्यानं फोनवर हुडकून दाखवली. तीच मशीन, तेच कव्हर. कुणी गोरा माणूस झाकण उघडून जुनी सुई काढत होता आणि नवी बसवत होता. नातू म्हणाला, "आज्जी, असले लई जण हायत जगात, ह्यांचा छंदच हाय. सुया मिळत्यात आता." तो गोरा हसत होता. चित्र आलं तेव्हा त्यानं टाळी वाजवली. मी नातवाला म्हणाले, बंद कर.

नाना गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी तुळजापूरला, माझ्या सासरी होते; निरोप आला तशी लोहाऱ्याला गेले. माती देऊन सगळे परतले तेव्हा दादांनी विचारलं, काकीला कोण कळवणार? मी म्हणाले, मी जाते. येडशीला उतरून दोन मैल चालले. ती भावाच्या शेतात एका खोपीत राहायची, दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. केस पांढरे, अंग तेवढंच उंच. चुलीपुढं भाकरी थापत होती. मी सांगितलं, नाना गेले. ती म्हणाली, "बरं." भाकरी उलटली. मग मी पत्राचंही सांगितलं. चापाचंही सांगितलं. पहिल्यांदाच, मोठ्यानं, सगळं.

तिचा हात थांबला नाही. "पत्र कवा आलं म्हणालीस?"

"पितृपंधरवड्यात."

"म्हंजी घट बसायच्या आधी."

"व्हय, काकी."

"आन स्टँडवर म्या तुला इचारलं, तवा तुला म्हाईत हुतं."

"म्हाईत हुतं."

तिनं भाकरी तव्यावरून काढली, निखाऱ्यावर फुगवली, थाळीत टाकली, वर शेंगांची चटणी घातली आणि थाळी माझ्याकडं सरकवली. "लांबनं आलीस. खा." मी खाल्ली. माझं खाऊन होईपर्यंत ती समोर बसून राहिली, माझ्याकडं बघत. मग थाळी उचलून म्हणाली, "आता गाडी मिळंल तुला. पुन्यांदा हिकडं येऊ नगंस."

ती त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी गेले नाही.